चॉकलेटचा तो चौकोन आला कुठून?

मित्रहो, ते चलचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय असं धरून चालतो. चॉकलेटचा बार, एका रांगेत चार चौकोन, अशा सहा रांगा. मधून एक तिरका छेद, वरच्या भागाचे तुकडे, त्यांची अदलाबदल, आणि एक चौकोन सुटून हातात. बार दिसायला होता तसाच! पुन्हा कापा, पुन्हा चौकोन. हात वर करा, घरी कोणी करून पाहिलं? अरे वा, बरेच आहेत. त्यातलं चॉकलेट मोजमापासाठी किती जणांकडे उरलं, ते विचारत नाही. (हशा)

आज बोलायचंय ते याच जातीच्या ६४ बरोबर ६५ या कोड्यावर आणि त्यामागच्या फिबोनाची संख्यांवर, म्हणजे १, १, २, ३, ५, ८ अशा रांगेवर, जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते. पण आधी एक जुनं दुखणं सांगतो. सातवीत असताना मी हेच कोडं आलेखाच्या कागदावर कापून वर्गात नेलं होतं. आठ बाय आठच्या चौरसाचे चार तुकडे केले, दोन काटकोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन, ते वेगळे जुळवले की तेरा बाय पाचचा आयत होतो. घरं ६४ होती, झाली ६५. गुरुजी म्हणाले, "कापताना चूक झाली असेल, बस खाली." चूक होती हे खरंच. पण ती किती, कुठे, आणि नेमकी एकाच घराची का? गणित सुरू होणार तिथेच मला खाली बसवलं, आणि ते मला अजून लागतं. कारण 'चमत्कार आहे' म्हणणारा आणि 'फसवणूक आहे' म्हणणारा, दोघंही फूटपट्टी हातात घेत नाहीत.

घेतली ती एका मुलीने. एका शाळेत मी हा चॉकलेटचा प्रयोग करत होतो. सुरी टेकवणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, थांबा. आधी बार कागदावर ठेवा आणि कडेने पेन्सिल फिरवा." मी फिरवली. मग उजवीकडे उतरत जाणारा छेद दिला, चार चौकोनांच्या रुंदीत बरोबर एक चौकोन खाली येणारा. वरच्या भागातला डावीकडचा तीन चौकोन रुंदीचा तुकडा एक घर उजवीकडे सरकवला, एक चौकोन रुंदीचा तीन घरं डावीकडे आणला. तिरक्या रेषेवरून सरकताना पहिला पाव चौकोन खाली उतरतो, दुसरा पाऊण चौकोन वर चढतो. पाव आणि पाऊण मिळून एक! तोच चौकोन वर डोकावतो, आणि तोच आपण खातो.

मुलं टाळ्या वाजवत होती. ही मुलगी मात्र उठली, बार पेन्सिलीच्या चौकटीत खालच्या कडेला टेकवून ठेवला. वर एक पांढरी पट्टी उघडी पडली. चौकोन दोन सेंटीमीटरचा होता, पट्टी अर्ध्या सेंटीमीटरची. "सर, चार पाव म्हणजे एक," ती म्हणाली. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

डोळा चौकोन मोजतो, उंची मोजत नाही. छेद गेला त्या रांगेतला प्रत्येक चौकोन पावाने आखूड झालेला असतो. नुकसान एका जागी झालं तर खड्डा दिसतो. चौघांत वाटलं की दिसत नाही. आणि यात भलेभले फसलेत. सेबास्तियानो सेर्लिओ हा इटलीचा नामांकित वास्तुकार. १५४५ सालच्या पुस्तकात त्याने तीन बाय दहाचा आयत तिरका कापून चार बाय सातचा केला, वर तीन घरांची पट्टी उरवली. तिसाची एकतीस घरं! आणि हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

पाचच मिनिटं उरलीत असं खुणावतायत. तर ६४ची ६५ कशी होतात ते भराभर सांगतो.

५, ८, १३ या लागोपाठच्या फिबोनाची संख्या. आपल्याकडे छंदशास्त्रात जैन आचार्य हेमचंद्राने त्या फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या आधी, १२व्या शतकात दिल्या. मधलीचा वर्ग ६४, कडेच्या दोघींचा गुणाकार ६५. फरक नेहमी एकाचाच, कधी अधिक, कधी उणा. हे सूत्र खगोलशास्त्रज्ञ कासिनीचं, १६८०चं.

आता ते जास्तीचं घर कुठे आहे? आयताच्या कर्णावर. त्रिकोणी तुकड्याच्या तिरक्या कडेचा चढ, म्हणजे उंची भागिले लांबी, ३/८, म्हणजे ०.३७५, समलंब तुकड्याचा २/५, म्हणजे ०.४. रेषा सरळ नाहीच, मध्ये चिंचोळी फट आहे. तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. कर्ण जवळजवळ १४ घरं लांब, त्यामुळे घर एक सेंटीमीटरचं असेल तर फट जास्तीत जास्त सव्वा मिलिमीटरची. कात्रीच्या चुकीत सहज खपते. २१चा चौरस घ्या, ४४१ची ४४२ होतील, आणि फट अर्ध्या मिलिमीटरवर येईल.

वेळ संपली. घरी गेल्यावर १३चा चौरस कापा, आणि ८ बाय २१चा आयत जुळवा. या वेळी १६९ची १६८ होतील. फट सापडणार नाही. तुकडे कुठे एकमेकांवर चढतात ते शोधा, आणि कापण्याआधी कडेने पेन्सिल फिरवा.