पांढऱ्यावर पांढरं

मी कवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. अंधेरीला एका कंपनीत मी नऊ वर्षं मेल सर्व्हर सांभाळायचो, आणि सकाळचं पहिलं काम काय, तर फिल्टरने अडवलेला कचरा उपसायचा, चुकून कुणाचं खरं मेल त्यात अडकलंय का बघायला. डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलून चेंगरून पोचलेला माणूस, हातात कटिंग, आणि समोर तीन-चारशे जंक मेल. वाचणार काय त्यात, झरझर डिलीट मारत जायचं.

एके दिवशी वजन कमी करायच्या गोळ्यांचं एक मेल आलं. वर एक चित्र, खाली नुसतं पांढरं. पण स्क्रोल करतोय तर संपेचना. म्हटलं एवढं रिकामं कशाला पाठवेल कोणी? म्हणून सगळं सिलेक्ट केलं, तर मागचं निळं झालं आणि त्यावर अक्षरं उमटली! पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली. इंग्रजी होतं, साधारण मराठी करून सांगतो, ओळी मात्र मी पाडल्यात:

खिडकीपाशी बुधवार उभा आहे
मावशीने जिना घडी घालून ठेवला
संत्र्याला अजून कळवलेलं नाही

चहा गार झाला माझा. संत्र्याला काय कळवायचं राहिलंय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता हे येतं कुठून? जंक मेल तसं जुनंच, ३ मे १९७८ ला गॅरी थर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, जवळपास चारशे जणांना कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, तेच पहिलं धरतात. पण त्यात कविता नव्हती, नुसती जाहिरात. कविता आली ती फिल्टरमुळे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने एक उपाय मांडला, की मेलमधला एकेक शब्द बघायचा, तो कचऱ्यात जास्त येतो की तुमच्या खऱ्या पत्रांत, त्यावरून मेल कचरा असण्याची शक्यता काढायची, मग त्यातले सगळ्यात बोलके पंधरा शब्द घेऊन निकाल द्यायचा. म्हणजे ‘फुकट’, ‘ऑफर’ हे गुन्हेगार, आणि ‘मीटिंग’, ‘डबा’, ‘मेगाब्लॉक’ हे सज्जन. मग चोरांनी काय केलं? सज्जन शब्द गोळा केले आणि गोळीच्या जाहिरातीखाली पोतंभर ओतले. कुणी जुन्या कादंबऱ्यांतले उतारे उचलले, कुणी मशीनकडून वाक्यं जुळवून घेतली, या शब्दामागे बहुतेक कुठला शब्द येतो असं बघत बघत. या युक्तीला मार्कोव्ह साखळी म्हणतात, आणि गंमत बघा, १९१३ साली मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने हे गणित दाखवलं ते पुश्किन या रशियन कवीच्या काव्यातली २०,००० अक्षरं मोजून! म्हणजे कवितेतून निघालेलं गणित शेवटी वजनाच्या गोळ्या विकायला लागलं.

कुणी म्हणेल हे तर ‘दादा’ नावाच्या युरोपातल्या कलाचळवळीवाल्यांनी केव्हाच केलंय, १९२० मध्ये त्यांच्यातल्या त्रिस्तान त्झारा या कवीने पेपरातले शब्द कापा, पिशवीत हलवा, एकेक काढा, झाली कविता, अशी कृतीच दिली होती. बरोबर आहे. पण त्याला कविता हवी होती हो. आमच्या चोराला कविता नकोच होती, त्याला फक्त निरुपद्रवी दिसायचं होतं, आणि निरुपद्रवी दिसायला त्याने उचलले ते खिडकी, मावशी, जिना, बुधवार, म्हणजे तुमच्या-माझ्या घरातलेच शब्द. मला तरी त्यातली गंमत तिथेच वाटते, नाहीतर नुसतं विचित्र काय, कोणीही लिहितं.

मग मशीन ट्रान्सलेशनवालं मराठी आलं, त्याची तर बातच और. लाखो डॉलर ठेवून मरणाऱ्या विधवेचं एक पत्र मी जपून ठेवलंय, त्यात बाई लिहिते, “प्रिय, माझे डॉक्टर तीन महिने आहेत. कृपया तू माझा पुढचा नातेवाईक हो.” मुळात इंग्रजी ‘नेक्स्ट ऑफ किन’ असणार ते, बँकेच्या भाषेतला वारस. पण पुढचा नातेवाईक! लोकलमध्ये नाही का आपण विचारत, पुढचं स्टेशन कुठलं, तसं वाटतं मला ते.

एक राहिलंच. त्याच कचऱ्यात एकदा एक मेल सापडलं, सब्जेक्ट रिकामा, अकाउंट फुकटातलं, मजकूर रोमन लिपीत. वाचलं तर: “पाणी आलं नाही. आई बरी आहे. येताना दूध आण. छत्री दारामागे.” मी आपला सवयीने ओळी पाडायला लागलो, वहीत उतरवूनसुद्धा घेतलं, आणि मग टू च्या रकान्यात बघतो तर आमच्या अकाउंट्समधल्या पोराचं नाव. वडिलांनी सायबर कॅफेतून पाठवलेलं खरं मेल, फिल्टरला त्यातला एक शब्द ओळखीचा नाही. लगेच सोडलं ते त्याच्याकडे.

तीन दिवसांपूर्वीचं होतं.