झोप तेवढी येत नाही

नमस्कार मंडळी. जेवणं झाली का? नसतील झाली तर जेवता जेवता ऐका. मी काय फार मोठी माणूस नाही, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मागच्या वर्षी मला एक फेलोशिप मिळाली होती तिच्याबद्दल बोलायला बोलवलंय. नाव तिचं लांबलचक आहे, पण काम साधं, पवनचक्क्या आणि सोलर गावात आले की माणसांच्या तब्येतीचं काय होतं ते जाऊन बघायचं. सहा महिने, दर महिन्याला स्टायपेंड, एक मार्गदर्शक मॅडम, आणि बाकी एसटी आणि पाय.

आता तुम्ही म्हणाल, ही तर स्वच्छ वीज, धूर नाही की राख नाही, तब्येतीला काय होणारंय? मला बी तसंच वाटायचं. आणि सरकारी नियमात पण साधारण तसंच धरलंय, म्हणजे सोलरला आणि पवनचक्कीला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. त्यामुळं होतं काय, की प्रकल्प यायच्या आधी गावात कोण कसं जगत होतं, किती झोपत होतं, कुठलं पाणी पीत होतं, ह्याचा कागदच कुठं नसतो. सहा महिने मी खरं तर तो कागद शोधत फिरले.

मला वस्ती मिळाली धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यातली. बालाघाटचा माळ, वारं असं की डोक्यावर पदर टिकत नाही. माझ्याकडं बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता, त्यात एक प्रश्न, पवनचक्कीचा तुमच्या आरोग्यावर काय परिणाम झाला? पहिल्याच घरात एक आजी बसलेल्या, त्यांना विचारलं तर म्हणल्या, "काय बी नाही माय. झोप तेवढी येत नाही." मी फॉर्मवर 'परिणाम नाही' लिहिलं आणि पुढं गेले. खरंच लिहिलं हो! संध्याकाळी मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत.

आपल्याकडं आजार म्हणजे ताप, सलाईन, सुई. झोप न येणं हे कुणी आजारात धरतच नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले, रात्री तिथंच अंगणात झोपले. दिवसा काही वाटत नाही, पण रात्री सगळं गप्प झालं की तो आवाज सुरू होतो, मोठा नाही, पण एका लयीत, हूप, हूप, हूप, आपण पुढच्या हूपची वाट बघत पडून राहतो. कायद्यानं राहत्या वस्तीत रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि २०१६ च्या केंद्राच्या गाइडलाइन्सप्रमाणं पवनचक्की घरापासून ५०० मीटरच्या आत नको. पण आपल्याकडं लोक शेतात आखाडा, म्हणजे राहायचं खोपटं, करून राहतात, तो आखाडा नकाशावर नसतोच, मग अंतर मोजायचं कुठून?

तरी सगळंच पवनचक्कीवर ढकलू नका. एक मावशी म्हणल्या चक्की लागली तेव्हापासून बीपी वाढला, बघितलं तर गोळ्याच दीड महिना संपलेल्या. आणि पारावर एक अण्णा माझ्यावर ओरडलेच, "पाऊस पळवला त्यांनी, ते लिही आधी!" आता पात्याचं टोक फार तर दोन-अडीचशे मीटरवर, पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर, कसा पळवतील? पण मी वाद घातला नाही. लागोपाठ दुष्काळ बघितलेला माणूस कुणावर तरी राग काढणारच. अजून एक गंमत, ज्यांच्या रानात चक्की आहे, भाडं येतं, त्यांना आवाज येत नाही. शेजाऱ्याला येतो! नेदरलँडमध्ये २००९ साली असाच अभ्यास छापून आला होता, ज्यांना पैसे मिळतात त्यांना आवाजाचा त्रास कमी वाटतो. म्हणजे माणूस वाशीतला असो नाहीतर युरोपातला.

सोलरचं वेगळंच. त्याला आवाज नाही, पण जागा लागते, मेगावॅटला चार-पाच एकर, आणि ती बऱ्याचदा गायरानाची. मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसतं गवत नव्हे, भूमिहीन लोकांनी, त्यातही दलित कुटुंबांनी, पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन आहे ती. कुंपण पडलं की शेळ्या विकल्या जातात, आणि शेळी गेली की लेकरांच्या चहातलं दूध जातं. हे आरोग्यात लिहायचं का जमिनीत? मी आरोग्यात लिहिलं. पाण्याचं पण बघा, एका मेगावॅटला दोनेक हजार पॅनल, एकेक धुवायला दोन-तीन लिटर पाणी धरलं तरी एका धुण्याला एक टँकर. ज्या गावाला मे महिन्यात टँकर येतो त्या गावात हा हिशोब विचारायला नको?

(आणि साखर कारखान्यातली उसाच्या भुशावरची वीज पण ह्याच स्वच्छ यादीत असते बरं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. तो विषय एका भाषणाचा नाही.)

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चांगल्या बाजूनं. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चाललीय, त्यातला सुरुवातीचा ३ मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ ला सुरू झाला. त्यातून शेतीला दिवसा लाईट. आता मोटरीची थ्री फेज लाईट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो, आणि पायाखाली घोणस, मण्यार, फुरसं. दिवसा लाईट आली तर साप चावणं कमी होईल का? व्हायला पाहिजे ना! म्हणून मी आरोग्य केंद्रातलं रजिस्टर मागितलं. सिस्टर चांगल्या होत्या, लगेच काढून दिलं. नाव, वय, गाव, इंजेक्शन, कुठं पाठवलं, सगळं होतं. साप किती वाजता चावला, तो रकानाच नव्हता.

म्हणजे सोलर आल्यावर फरक पडला का हे उद्या कुणी विचारलं तर सांगणार कशावरून?

मग गावातल्या आशाताई, म्हणजे घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्त्या, त्यांच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होतं, त्यावर लिहायचं ठरलं. साप चावल्याचं कानावर आलं की त्या तारखेच्या चौकोनात वेळ, आणि माणूस काय करत होता ते. ह्या वर्षीच्या फेलोशिपच्या फॉर्मची तारीख जवळ आलीय, जी पोरं-पोरी भरणार असतील त्यांनी इंग्रजीला भिऊ नका, मुलाखत मराठीत देता येते, आणि घरचे नाही म्हणले तर आईला माझ्याशी बोलायला लावा, माझी आई पण नाहीच म्हणली होती. आणि गाव असं निवडा जिथं सोलरचं फक्त बोलणं चाललंय, खांब अजून पडलेले नाहीत.

त्या कालनिर्णयावर पहिली नोंद जून महिन्यातली आहे. आशाताईंच्या अक्षरात, पेन्सिलनं. "पहाटे ३.३०. मोटर चालू करायला गेलते."