हौदाकाठचा अर्धा तास

(दृश्य : नाशिकमधील अंबड औद्योगिक वसाहतीच्या कडेची एक शेड. सकाळची वेळ. बांबूच्या मोळ्या, सिमेंटचा लांब हौद, भिंतीलगत प्लास्टिकचे निळे ड्रम.)

नाशिक जिल्ह्यात टोमॅटोची लागवड झाली की वेलीला आधार देण्यासाठी तार आणि बांबू यांची जुळवाजुळव सुरू होते. जमिनीत रोवलेला कच्चा बांबू वाळवीच्या आणि बुरशीच्या तोंडी पडतो, तर शेडमध्ये रचून ठेवलेल्या बांबूतून भुंगेऱ्यांनी पोखरलेले पिवळसर पीठ गळू लागते. बांबू आणि हलक्या प्रतीचे लाकूड अधिक काळ टिकावे म्हणून ते रसायनांच्या द्रावणात भिजवतात, आणि मोठ्या कारखान्यांत बंद टाकीत दाब देऊन ते द्रावण लाकडात मुरवतात. हा माहितीपट त्याच्याही आधीच्या अर्ध्या तासाविषयी आहे, म्हणजे पोत्यातली पूड पाण्यात जाईपर्यंतच्या वेळेविषयी. हौदातले द्रावण शेकडा काही भागांचेच असते, पोत्यातली पूड मात्र निर्भेळ असते, आणि या कामातला सर्वांत मोठा धोका त्या पुडीपाशी आहे.

सर्वांत साधे मिश्रण टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड यांचे असते. बोरिक अ‍ॅसिडच्या एका भागाला टाकणखाराचे दीड भाग घेतात, त्यामुळे शेकडा पाच टक्क्यांचे 100 लिटर द्रावण करायचे असेल तर तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक अ‍ॅसिड लागते. यांतला कोणताही एक पदार्थ गार पाण्यात एकटा टाकला तर तो सावकाश आणि थोडाच विरघळतो. दोन्ही एकत्र आणि कोमट पाण्यात टाकले तर एकमेकांना विरघळायला मदत करतात. बोरिक पावडर आपण कॅरमच्या बोर्डावर टाकत आलो आहोत, म्हणून तिची भीती वाटत नाही. चिमूटभर पूड आणि दिवसाला काही किलोंची हाताळणी यांत मात्र फार अंतर आहे. अधिक मात्रेत बोरिक अ‍ॅसिड प्रजननक्षमतेला आणि गर्भातील बाळाला अपायकारक ठरते, म्हणून गरोदर स्त्रीने हे वजनकाम करू नये आणि इतरांनीही ते मास्कशिवाय करू नये.

टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड ही दोन्ही बोरॉनची संयुगे पावसात आणि ओल्या मातीत धुऊन जातात, त्यामुळे जमिनीत रोवायच्या बांबूला ती एकटी पुरत नाहीत. तिथे तीन क्षारांचे मिश्रण येते : बोरिक अ‍ॅसिडचे दीड भाग, मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचे, तीन भाग आणि सोडियम डायक्रोमेट या क्रोमियमच्या नारिंगी क्षाराचे चार भाग. मोरचूद बुरशीला आवर घालते, आणि डायक्रोमेट त्या तांब्याला लाकडाच्या तंतूंशी घट्ट बांधून ठेवते. याच कुळातले जुने मिश्रण बोरिक अ‍ॅसिडऐवजी आर्सेनिक घालून होत असे; ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये शोधले आणि पुढे ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी त्याचे उत्पादन उत्पादकांनी स्वतःहून थांबवले. आर्सेनिक वगळले म्हणजे मिश्रण निर्धोक झाले, असा समज मात्र करून घेऊ नये, कारण साडेआठ किलो मिश्रणात चार किलो डायक्रोमेट अजूनही आहेच.

(दृश्य : तराजूशेजारी तीन उघडे डबे. निळे खडे, पांढरी पूड, नारिंगी खडे.)

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद नवे नाही. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करताना मोरचूद आणि चुना यांची द्रावणे वेगवेगळी करून मग एकत्र ओतायची, आणि त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे असे समजून आणखी चुना घालतात. हौदाच्या कामातही तीच रासायनिक क्रिया घडते, पण इथे ती नुकसान करते. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात हे द्रावण केले तर तांबे पिंपाच्या भिंतीवर बसते, पिंप खाल्ले जाते आणि द्रावणाची ताकद उतरते. म्हणून पिंप प्लास्टिकचे घ्यावे आणि ढवळायला प्लास्टिकची किंवा लाकडाची काठी घ्यावी. ती काठी पुन्हा दुसऱ्या कामाला वापरू नये.

मोरचुदाच्या या ओळखीमुळेच नारिंगी खड्यांकडे दुर्लक्ष होते, असे आम्हाला चित्रीकरणाच्या काळात वारंवार जाणवले. डायक्रोमेटमधले क्रोमियम ज्या रूपात असते ते कर्करोगकारक आहे. त्याची धूळ नाकात जात राहिली तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडू शकते. त्वचेवर ते बसले, विशेषतः कुठे खरचटलेले असेल तर, लहान, गोल, खोल आणि उंच कडांचा व्रण होतो. हा व्रण बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कामगार तो दाखवत नाही, त्यावर चिंधी बांधून काम करत राहतो, आणि व्रण आत उतरत जातो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या, आणि 2025 मध्ये त्याची जागा घेणाऱ्या व्यवसायसुरक्षा संहितेच्याही, तिसऱ्या अनुसूचीत क्रोमियमचे व्रण आणि आर्सेनिकची विषबाधा हे दोन्ही कळवणे बंधनकारक असलेले व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदवलेले आहेत. तेव्हा अशा कामगाराच्या हाताची बोटे, नखांच्या कडा आणि नाक डॉक्टरांनी ठरावीक काळाने तपासणे ही मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे.

शेडमधले मिस्त्री तीस वर्षे लाकडात काम करत आहेत. पिंपात आधी ठरलेल्या मापाच्या साधारण अर्धे पाणी भरून घ्यायचे, हा त्यांचा पहिला नियम आहे. मग पोते पाण्याच्या अगदी जवळ आणून, पातीने एक कोपरा कापून, पूड धारेने सोडायची; पोते फाडायचे नाही, वरून ओतायचे नाही आणि रिकामे झाल्यावर झटकायचे तर अजिबात नाही. एक क्षार पूर्ण विरघळला की दुसरा घ्यायचा, आणि शेवटी पाणी मापाच्या खुणेपर्यंत न्यायचे. रिकाम्या पोत्याच्या आतल्या पिशवीला थोडे पाणी दाखवून ते पाणीही पिंपातच परत जाते. बागेत फवारणी करताना वारा पाठीशी ठेवायचा असतो, तसा तो इथेही पाठीशी ठेवावा; बंद शेडमध्ये मात्र पिंपाजवळून धूळ ओढून घेणारा पंखा हवा, कारण छताचा पंखा तीच धूळ सगळीकडे पसरवतो.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. प्रमाणित धूळमास्क लागतो, तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसावा लागतो, आणि वाढलेल्या दाढीवर तो तसा बसत नाही. सुती हातमोजे द्रावण शोषून घेतात आणि ते हाताला दिवसभर लावून ठेवतात, त्यामुळे ते न घातलेले बरे. नायट्राइल किंवा पीव्हीसीचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे मोजे घ्यावेत, आणि घालण्यापूर्वी त्यांत फुंकर मारून भोक आहे का ते पाहावे. डोळ्यांना बाजूने बंद असणारा चष्मा, अंगाला एप्रन आणि पायात गमबूट हवेत. मोजे काढण्याआधी ते हातात असतानाच धुवावेत.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. वजन झाले, पिंप ढवळून झाले, की कामगार भिंतीला टेकतो, खिशातली पुडी काढतो आणि तळहातावर तंबाखू आणि चुना मळू लागतो. तळहाताच्या रेषांत आणि नखांत जी पूड उरलेली असते, ती त्या चिमटीबरोबर थेट तोंडात जाते. आम्ही हे दोन वेळा पाहिले आणि दोन्ही वेळा कॅमेरा बंद करून त्यांना साबणाने हात धुवायला सांगितले. नळ आणि साबण पिंपापासून दहा पावलांवर असला तर लोक हात धुतात. शेडच्या दुसऱ्या टोकाला असला तर धूत नाहीत.

(दृश्य : फरशीवर सांडलेले नारिंगी द्रावण. कडेला लाकडाच्या भुशाचे पोते.)

लाकडाच्या कारखान्यात काहीही सांडले की हात भुशाकडे जातो, कारण भुसा फुकट असतो आणि चटकन शोषतो. डायक्रोमेट सांडले असताना हीच गोष्ट करायची नाही. डायक्रोमेट जळणाला ऑक्सिजन पुरवते, आणि त्याने भिजलेला भुसा वाळल्यावर सहज पेट घेऊ शकतो. वाळू किंवा कोरडी माती टाकून ते टिपावे, झाकणाच्या ड्रममध्ये भरावे, ड्रमवर नाव लिहावे आणि घातक कचरा म्हणून अधिकृत यंत्रणेकडे द्यावे. ते गटारात ढकलू नये. सातपूर आणि अंबडच्या बाजूने वाहणारी नासर्डी, जिला नंदिनी असेही म्हणतात, पुढे गोदावरीला मिळते, आणि पाण्यातील तांबे अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असते.

द्रावण डोळ्यांत उडाले तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत आणि लगेच रुग्णालयात जावे. पोटात गेले तर ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही प्रसंगी पोत्यावरचे लेबल किंवा सुरक्षा माहितीपत्रक डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावे; म्हणूनच उरलेले द्रावण पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची रीत बंद व्हायला हवी.

हौदातून काढलेले बांबू सुरुवातीला पिवळसर दिसतात आणि दिवसागणिक हिरवट होत जातात. क्रोमियम आपले घातक रूप सोडून लाकडात बसत असल्याची ती खूण आहे. ही क्रिया थंडीत मंदावते, आणि निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत इथल्या शेडमध्येही तिला जास्त वेळ द्यावा लागतो. तोवर माल छपराखाली, पावसापासून दूर ठेवावा आणि उघड्या हाताने उचलू नये. कापताना उरलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा शेकोटीत घालू नयेत, कारण त्यांच्या धुरात आणि राखेत हेच धातू असतात.

(दृश्य : रचलेल्या बांबूंची थप्पी. मिस्त्री खडूने पाटीवर लिहीत आहेत.)

मिस्त्री प्रत्येक थप्पीला एक पाटी टांगतात. पाटीवर हौदातून माल काढल्याची तारीख असते, द्रावणाची टक्केवारी असते आणि त्या दिवशी पूड कोणी तोलली त्याचे नाव असते. कामाचे कपडे शेडमधल्याच खुंटीला राहतात आणि तिथेच वेगळे धुतले जातात. ते घरच्या धुण्यात जात नाहीत.