दाराबाहेरची दुभाषी

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ल्याच्या आमच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाणं यात नवल काहीच नाही. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात रविवारच्या संध्याकाळच्या मिस्सेच्या, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळातल्या उपासनेच्या वेळी अशीच वीज गेली. फादर प्रवचन करत होते, ते बोलत राहिले. थांबायचं कारणच नव्हतं. काळोख झाला तरी आवाज पोचत होता आणि लोक ऐकत होते. फक्त डाव्या बाजूच्या पहिल्या दोन बाकांवर बसलेल्या सात जणांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. ते सातही जण बहिरे. मी खांबाजवळ उभी राहून फादरांचं बोलणं त्यांना हातांनी सांगत होते, आणि आता माझे हात दिसत नव्हते. देवळातल्या बाकी सगळ्यांची मिस्सा पुढे चालली होती, या सात जणांची तिथेच तुटली.

पुढच्या रविवारी कुणीतरी खांबाला बॅटरीचा दिवा आणून टांगला. तो आजही तिथे आहे. गेली अकरा वर्षं मी जे काम करते ते नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मला आधी तो दिवा आठवतो.

बहिऱ्यांमध्ये ख्रिस्ती सेवा म्हटलं की लोकांच्या मनात एक चित्र येतं. कुणी सिस्टर येतात, कानाचं यंत्र देतात, कपडे देतात, प्रार्थना करतात. यंत्र मिळालं तर चांगलंच आहे, त्याचा उपयोग होतो त्याने ते जरूर वापरावं. पण बहिऱ्या माणसाची मोठी अडचण पुष्कळदा कानात नसतेच. ती त्याच्या घरात असते. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, आणि घरातल्या कुणालाही त्यांची भाषा येत नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. त्यांतल्या कित्येकांना आपल्या आईशी "भूक लागली" आणि "पोटात दुखतंय" यांपलीकडे कधी बोलताच आलेलं नाही.

आमच्या वाडीत एक बाई आहेत. मी त्यांना बाय म्हणते, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. त्यांचं कागदावरचं नाव मी इथे घेत नाही. त्यांचं खरं नाव तर तोंडाने घ्यायचं नसतंच, ते हाताने घ्यायचं. तर्जनी हनुवटीला लावायची, कारण तिथे त्यांना तीळ आहे, आणि मग अंगठ्याने बोटं चोळायची, काजू सोलणाऱ्या बाया राख लावताना चोळतात तशी. बायने पंचवीस वर्षं काजूच्या कारखान्यात काम केलं. टरफलाच्या तेलाने त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत, ती आता काही जायची नाहीत. त्याच बोटांनी त्या बोलतात, आणि इतकं स्वच्छ बोलतात की त्यांचं सांगणं अर्धवट कळलं असं मला कधी झालं नाही.

लहानपणी आम्ही दोघी एकाच धर्मशिक्षणाच्या वर्गात होतो. वर्ग घेणाऱ्या बाई मायाळू होत्या, पण बायला पाहून म्हणायच्या, "तिका काय समाजता? बसव तिका मागच्या बाकार." बाय मागे बसायची. हातात रंगीत चित्रांचं पुस्तक असायचं. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे देवळात पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायच्या दिवशी तिलाही पांढरा झगा घातला, ओळीत उभं केलं आणि इतरांनी तोंड उघडलं तसं तिने उघडलं. आपण काय घेतोय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

श्रोतेहो, पुढे मी स्वतः धर्मशिक्षिका झाले तेव्हा माझ्या वर्गात रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, एक आठ वर्षांचा मुलगा आला. तोही बहिरा. आणि मीही त्याला मागच्या बाकावर बसवलं, चित्रांचं पुस्तक दिलं. चार वर्षं. मला त्याची दया यायची आणि दया येते म्हणजे आपण काहीतरी करतोय असं मला वाटायचं. ही चूक माझी आहे. ती मी त्याच्यापुढे कबूल केली आहे, आज तुमच्यापुढे करते.

आपल्या किनाऱ्यावरच्या मिशनऱ्यांचा इतिहास पाहिला म्हणजे या चुकीचं आणखीच वाईट वाटतं. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले. इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं, ओवीबद्ध मराठीत. स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये बाणकोटला आले, मग हर्णैला. जॉन विल्सन 1829 मध्ये आले तेव्हा मराठी शिकायला काही महिने हर्णैलाच राहिले. लोकांशी बोलायचं तर आधी त्यांची भाषा आपल्या तोंडात बसली पाहिजे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मराठी शिकले, कोंकणी शिकले, व्याकरणं लिहिली, कोश केले. त्याच गावांत, त्याच वाड्यांत बहिरी माणसंही होती. त्यांच्या हातांतही भाषा असेल, हे मात्र फार थोड्यांना सुचलं.

ज्यांना सुचलं त्यांतलं एक नाव घेते. फ्रान्समधले धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये त्यांची दोन बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. या मुली धर्माचं काही न कळताच मरतील याची त्यांना काळजी वाटली. म्हणजे सुरुवात अगदी मिशनऱ्याचीच होती. पण त्यांनी मुलींना ओठ हलवायला लावलं नाही. मुली एकमेकींशी हातांनी बोलतात हे पाहिलं आणि तेच आधी स्वतः शिकायला घेतलं. त्यातून 1760 च्या दशकात बहिऱ्या मुलांची शाळा उभी राहिली, गरिबांना फी नसलेली.

याच्या उलटही घडलं, आणि तेही चर्चच्या माणसांकडून. 1880 मध्ये इटलीत मिलान इथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळांमध्ये हाताची भाषा नको, तोंडानेच बोलायला शिकवायचं, असा ठराव झाला. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत कितीतरी धर्मगुरू होते. पुढे जगभर मुलांचे हात बांधले गेले, हातांवर छड्या बसल्या. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करायला 2010 उजाडावं लागलं, तोही कॅनडात व्हँकुव्हरच्या परिषदेत. आपल्याकडे मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती याच 1880 च्या दशकात. देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ती एक. तिने मोठं काम केलं. पण कोकणातल्या वाडीतल्या मुलाला त्या काळी मुंबई म्हणजे आगबोटीचा प्रवास. बायला तर माझ्या लहानपणीसुद्धा कुणी कुठल्या शाळेत घातलं नाही.

मग आमच्याकडे ही भाषा आली कशी? कुठल्या मिशनने आणली नाही. माझ्या मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आणली.

तो मोठा झाला, कामासाठी मुंबईला गेला. तिथे त्याला बहिरे मित्र मिळाले आणि भारतीय सांकेतिक भाषा मिळाली. एका वर्षी फेस्ताला, म्हणजे देवळाच्या सणाला, तो दोन मित्र घेऊन गावी आला. खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिघे बोलत बसले होते, हात थांबत नव्हते, तिघेही हसत होते. त्याची आवय माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "ह्यो इतको बोलता? आमच्या घरात तर कधी बोलाक नाय." आणि ती रडायला लागली. मी तिला काय सांगणार? मीही तेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले आणि शिकव म्हटलं. त्याने शिकवलं. सुट्टी संपल्यावर मोबाईलवरून शिकवलं. 2015 मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या कोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द झाले, ते व्हिडिओ कुणालाही बघता येतात. मी रोज रात्री दहा शब्द पाठ करायचे. पण शब्द पाठ करून भाषा येत नाही. या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. भुवया वर गेल्या की अर्थ बदलतो. मी चेहरा कोरा ठेवून नुसते हात हलवायचे, तेव्हा बाय माझ्या गालाला चिमटा काढायची. चेहरा झोपलाय, असं तिचं म्हणणं.

हो, बायही शिकली, पन्नाशी उलटल्यावर. तिच्या घरगुती खुणा तिने सोडल्या नाहीत. बांगडा, सौंदाळा, मोरी या माशांसाठी तिच्याकडे ज्या खुणा आहेत त्या दिल्लीच्या कोशात मिळायच्या नाहीत. त्या आता आमच्या सगळ्या गटाच्या झाल्या आहेत.

या गटात ख्रिस्तीच लोक येतात असं नाही. दर रविवारी दुपारी देवळाच्या पडवीत आम्ही बसतो. हिंदू येतात, दोन मुसलमान भाऊ येतात. प्रार्थनेला थांबायचं त्याने थांबावं, बाकीच्यांनी चहा घेऊन जावं. त्यांना एकमेकांशी बोलायला जागा हवी असते, ती आमच्याकडे आहे. त्या बदल्यात कुणाचा धर्म मागायचा, असला व्यवहार मी होऊ देणार नाही, आणि आमच्या फादरांनाही तो मान्य नाही.

बोलायला माणूस नसलं की काय होतं, हे 16 मे 2021 ला मी पाहिलं. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तो दिवस. आकाशवाणीवरून आदल्या दिवसापासून सूचना येत होत्या. गावात भोंगा फिरला. खाडीकाठची माणसं गाठोडी घेऊन वर शाळेत गेली. बाय एकटी राहते. तिने शेजारी जाताना पाहिले आणि तिला वाटलं, कुणाकडे मयत झालंय. ती भात शिजवत बसली. कौलं उडायला लागली तेव्हा जमिनीच्या हादऱ्यातून तिला काय ते कळलं. ती वाचली. आम्ही तिला शोधायला गेलो तेव्हा ती माच्याखाली होती, भाताचं टोप पोटाशी धरून. तेव्हापासून आमच्या वाडीत ठरलेलं आहे की धोक्याची सूचना आली की कुणी कुणाच्या दारी जायचं आणि बॅटरी कशी मारायची. हे भाषण ऐकणाऱ्या घरांत, शेजारी असं कुणी असेल तर एवढं आजच ठरवून ठेवा. रेडिओवरची सूचना त्यांच्यापर्यंत तुमच्या पायांनीच जाणार आहे.

आता कुमसाराची गोष्ट सांगते, म्हणजे पापनिवेदनाची. आम्हा कॅथलिकांत माणूस धर्मगुरूपाशी एकटा जातो, आपली पापं सांगतो आणि क्षमा घेतो. ते तिसऱ्या कानावर जात नाही. बहिऱ्या माणसाला दुभाष्याला सोबत नेता येतं, 1983 च्या धर्मसंहितेत तशी मुभा आहे, आणि ऐकलेलं बाहेर न बोलण्याचं बंधन त्या दुभाष्यालाही आहे. ते बंधन मी कधी मोडलं नाही. पण बाय माझ्यामार्फत कधी गेली नाही. मी दोन-तीनदा विचारलं. ती नुसती मान हलवायची. एकदा तिने सांगितलं, "तू माझी शेजारीण. उद्या विहिरीवर भेटणार."

मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या माणसाला बरं करतो. "एफ्फाथा," म्हणजे मोकळा हो, हा शब्द सगळ्यांना पाठ असतो. बाप्तिस्म्यातही फादर बाळाच्या कानाला आणि ओठांना स्पर्श करतात, त्या विधीला याच शब्दाचं नाव आहे. पण त्या शब्दाच्या आधीची ओळ बायने मला दाखवली. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. एकट्याला. आणि बोलायच्या आधी बोटं त्याच्या कानांत घालतो, जिभेला स्पर्श करतो. बायच्या मते येशू तिथे हातांनीच बोलत होता. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, हे कुणी सांगितलं नव्हतं.

2024 च्या मे महिन्यात केरळात त्रिशूरला एका बहिऱ्या तरुणाला गुरुदीक्षा मिळाली, भारतातला पहिला बहिरा कॅथलिक धर्मगुरू. मोबाईलवर तो व्हिडिओ आला तेव्हा आमच्या पडवीत सगळे उभे राहून हात वर करून हलवत होते, बहिरे टाळ्या देतात तशा. आमच्या धाकट्या फादरांनीही तो पाहिला. त्यानंतर ते रविवारी दुपारी पडवीत येऊन बसायला लागले. आठ-नऊ महिने शिकले. बोटं जाड, चुकायचं खूप, आणि बाय त्यांच्याही गालाला चिमटा काढायला कमी करत नव्हती.

गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, एका शनिवारी बाय पांढरं लुगडं नेसून आली. फादर आत होते, समोरासमोर दोन खुर्च्या ठेवलेल्या, खिडकी उघडी, उजेड दोघांच्या हातांवर पडेल अशी. मी सवयीने मागोमाग निघाले. उंबऱ्याशी बाय वळली आणि तिने तळहात दाखवून मला थांबवलं. मग दार लोटून घेतलं.

मी ओट्यावर उभी राहिले. आतून आवाज येत नव्हता, येणार नव्हताच. पाऊण तासाने ती बाहेर आली. डोळे लाल होते. तिने मला विचारलं, "चहा?" आणि आम्ही पडवीकडे गेलो.