अठरा, स्टॅफर्ड टेरेस

(रस्ता, घरांची रांग)

लंडनच्या केन्सिंग्टन भागातला हा रस्ता. 1870 च्या आसपास बांधलेली ही घरं, भिंतीला भिंत लागून, रुंदीला चिंचोळी, उंचीला मात्र तळघर धरून पाच मजले. बाहेरून अठरा नंबर शेजाऱ्यांहून वेगळं ओळखू येत नाही.

(दार, जिना)

1875 मध्ये लिन्ली आणि मॅरियन सॅम्बर्न हे नवं जोडपं इथे आलं. 89 वर्षांच्या भाडेपट्ट्याचे त्यांनी 2000 पौंड मोजले. लिन्ली ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. हा उमरावाचा महाल नव्हे, चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाचं बिऱ्हाड आहे. महाल जपायला पुष्कळजण पुढे येतात. असं घर आतल्या सामानासकट टिकणं फार दुर्मीळ.

1877 ची घरातल्या सामानाची यादी आजही आहे. त्यात नुसत्या ताठ पाठीच्या खुर्च्या 66, त्यातल्या दहा निजायच्या खोलीत!

(दिवाणखाना, कॅमेरा भिंतीवरून सावकाश)

पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत पसरलेला हा दिवाणखाना. भिंतींना आधी इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या नक्षीचा कागद होता. पुढे लिन्लीने चामड्यासारखा दिसणारा, सोनेरी उठावाचा जपानी कागद आणला. तो महाग. म्हणून चित्रांच्या मागे तो लावलाच नाही. चौकटींच्या आड जुना मॉरिस तसाच राहिला.

(न्हाणीघर, मग निळे फोटो एकामागून एक)

आणि हे न्हाणीघर. हीच त्याची डार्करूम. ‘पंच’ला दर आठवड्याला चित्र द्यावं लागे; हात कसा वळतो, कोटाला चुणी कुठे पडते, हे आठवत बसायला वेळ कुठला? मग घरातले नोकर, मित्र, कधी स्वतःच वेश चढवून उभं राहायचं आणि फोटो काढायचा. लोहक्षार लावलेला कागद, त्यावर काचेची निगेटिव्ह, वर ऊन. नंतर कागद साध्या पाण्यात धुवायचा, की निळं चित्र उमटतं. ही पद्धत सोपी आणि स्वस्त. असे हजारो फोटो त्याने जमवले. 1892 मध्ये आफ्रिकेच्या दोन टोकांवर पाय रोवून उभा असलेला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स काढला, तो याच हाताने.

(वरचा मजला)

मुलं मोठी झाल्यावर त्यांची खोली लिन्लीचा स्टुडिओ झाली.

लिन्ली 1910 मध्ये गेला, मॅरियन 1914 मध्ये. मुलगा रॉय अविवाहित. 1946 पर्यंत तो इथे राहिला आणि त्याने जवळजवळ काहीच हलवलं नाही. त्याच्यामागे घर कुटुंबातच राहून पुढे त्याच्या भाचीकडे, अ‍ॅनकडे आलं. व्हिक्टोरियन, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, म्हणजे कुरूप, पाडून टाका, असं म्हणण्याचा तो काळ. 5 नोव्हेंबर 1957 ला तिने याच घरात मंडळी जमवली.  पुढच्या वर्षी, अशा वास्तू वाचवण्यासाठी, व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली. कवी जॉन बेचमन, वास्तुइतिहासकार पेव्ह्सनर तिच्या संस्थापक सदस्यांत होते.

लंडनच्या युस्टन स्टेशनची जुनी कमान तरीही पाडली गेली. हे घर मात्र 1980 मध्ये ग्रेटर लंडन काउन्सिलने, शहराच्या तेव्हाच्या प्रशासनाने, सामानासकट विकत घेतलं. आज ते ग्रेड टू स्टार दर्जाची संरक्षित वास्तू आहे, आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं.

(दार बंद होतं)