कृष्णेच्या तळाशी गळ टाकताना

(पहाट. हरिपूरचा संगम. पाण्यावर धुकं. काठावर पाठमोरा बसलेला एक माणूस.)

पश्चिमेकडून वारणा येते आणि इथं, सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, कृष्णेला मिळते. वर संगमेश्वराच्या देवळात घंटा वाजतेय. खाली काठावर मामा बसलेत. पुढ्यात गळांचा डबा, ओल्या मातीतली गांडुळं आणि दगडांचा एक छोटा ढीग. मासे धरायला आलेला माणूस सकाळी सकाळी दगड निवडत का बसलाय, हे मला पहिल्यांदा इथं आलो तेव्हा कळलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत माझे सहा गळ तळाशी गेले. सातवा अडकला तेव्हा मी विजार वर करून पाण्यात उतरलो. गुडघाभर पाण्यात असेन नसेन, तोच मामा ओरडले, "आरं, माघारी फिर! गळ दहा रुपयाला मिळतो, पाय न्हाई मिळत!"

कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, आणि दिसत नाहीत तेव्हा त्या पाण्यात असतात. म्हणून या नदीवर पहिला नियम असा, की अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरायचं नाही. हे एकदा पक्कं केलं की बाकीचा सगळा विचार काठावर, गळ टाकायच्या आधीच करावा लागतो.

(दृश्य: आयर्विन पुलाचे खांब, त्यावर पाण्याच्या पातळीचे आकडे.)

नदीच्या पोटात काय आहे, ते आधी बघू. 1929 साली उभ्या राहिलेल्या या आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. असा पूर येतो तेव्हा बाभळी मुळासकट येतात, शेतातले पाइप येतात, कुंपणाची तार येते, पोती येतात. पाणी ओसरतं, यातलं बरंच तळाशी राहतं. शिवाय मूळचा काळा कातळ, त्याच्या कपारी. काठावरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली हे असं सगळं आहे.

तळाला लावलेल्या गळात बहुतेक वेळा आधी अडकतं ते शिसं, म्हणजे गळ तळाशी नेणारं वजन. ते जड, तळाला टेकलेलं, आणि आपण ओढतो तेव्हा तळावरून घासत येणारं. गोल गोळी असेल तर ती घरंगळते आणि थेट कपारीत जाऊन बसते. आपण जोर लावला की आणखी घट्ट. चौकोनी पायाचं, टोकदार शिसं वाळूत छान रुततं, धारेत जागा सोडत नाही, पण दगडात ते पाचरीसारखं बसतं. दगडाळ जागी हवं लांबट, पेन्सिलीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं वजन. ते दोन दगडांच्या मधून सरकून बाहेर येतं. गाळ असेल तिथं चपटं. नाण्यासारखं वजन गाळावर पसरून राहतं, खोल जात नाही. शिवाय झपाट्याने गुंडाळलं की चपटं वजन पाण्यात वर उचललं जातं, तळ सोडून येतं.

आणि वजन किती? तळ धरून ठेवेल इतकंच, त्याहून एक तोळाही जास्त नको.

(जवळून दृश्य: मामांचे हात.)

आता हे नीट बघा. मामा मोठा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर घेतात, 0.40 मिलिमीटर जाडीचा. त्यात एक फिरकी ओवतात, म्हणजे दोन टोकांना कड्या असलेला, गरगर फिरणारा छोटा सांधा. तिच्या एकाच कडीतून तंगूस जातो, म्हणजे ती मोकळी सरकते. मग एक मणी. मग दुसरी फिरकी, ही गाठ मारून पक्की. तिच्या खाली दीड-दोन फुटांचा 0.30 चा तुकडा आणि त्याला गळ. गाठ आवळायच्या आधी ती जिभेवर ओली करतात. कोरडी आवळली तर तंगूस घासून तापतो आणि गाठीतच कमजोर होतो.

राहिलं वजन. बाजारच्या सरकत्या शिशात तंगूस शिशाच्याच भोकातून जातो. माशाला ओढताना वजन जाणवत नाही, शिंगाळ्यासारखा तळाचा मासा आमिष निर्धास्त घेतो, हे खरंच. पण शिसं अडकलं की मुख्य दोरच अडकला. मामा शिशातून काही ओवत नाहीत. सरकत्या फिरकीच्या मोकळ्या कडीला ते वीतभर केळीचं सोपट बांधतात, फुलवाले गजऱ्याला वापरतात तेच, पाण्यात भिजवून मऊ केलेलं. सोपटाच्या दुसऱ्या टोकाला ढिगातला एक लांबट दगड.

"तुटायचंच आसंल तर सोपट तुटू दे," मामा म्हणतात. "गळ कशापायी घालवायचा?"

मला सगळ्या मांडणीत हीच गोष्ट मोलाची वाटते. कुठून तुटायचं ते नदीवर सोडायचं नाही, आपण ठरवायचं. सोपटाऐवजी सुती दोरा चालतो, 0.20 चा तंगूसही चालतो, पण तो कुजत नाही. तळाशी राहिलेल्या नायलॉनमध्ये कासवं आणि पाणपक्षी गुंततात. काठावर पायात तंगूस गुंडाळलेला बगळा मी पाहिलाय. तो उडत होता आणि दर वेळी खाली येत होता. तेव्हापासून मी सोपटच बांधतो.

दगड हलका पडत नाही का? पडतो. 100 ग्रॅम शिसं पाण्यात सुमारे 91 ग्रॅम भरतं. तेवढाच काळा दगड साधारण 65. म्हणून दगड शिशाच्या दीडपट घ्यावा. धार फार असेल तर शिसं लागतंच, पण शिसं विषारी आहे हे विसरू नये. लहान शिशाचे दाणे गिळून हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनने 1987 पासून 28 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली. आपल्याकडे अजूनही पोरं हे दाणे दातांनी दाबून बसवतात. कृपा करून पोरांना ते करू देऊ नका. आणि काही जण गाडीचे जुने प्लग बांधतात. फुकट मिळतात, अडकतातही कमी. पण गॅरेजचा कचरा प्यायच्या पाण्यात टाकायचा, हे मला पटत नाही.

(दृश्य: बंधाऱ्याखालचं खळाळतं पाणी.)

बंधाऱ्याच्या खाली, जिथं नुसते धोंडेच आहेत, तिथं मांडणी उलटी करतात. दगड सगळ्यात खाली, गळ त्याच्या हातभर वर, बाजूच्या छोट्या तुकड्यावर. गळ तळाला लागतच नाही. गळाच्या चार बोटं अलीकडे जोंधळ्याच्या ताटाचं भेंड बांधलं की आमिष आणखी वर तरंगतं. लहानपणी ज्याच्या बैलगाड्या केल्या, तेच भेंड. ते पाणी पितं, तासाभराने बदलावं लागतं. वांब, म्हणजे सापासारखा लांब मासा, मात्र दगडाच्या फटीत राहते, तिला आमिष खालीच हवं. तिथं गळ जाणार, हे धरून चालायचं.

(परत संगम. ऊन वर आलंय.)

मामांची काडी वाकलीय. मासा नाही, अडकलंय. मी पुढं सरकतो.

"वढू नगंस. आधी ढील दे."

ते दोर सैल सोडतात, थांबतात. धार दोराला पोट देते आणि पलीकडून ओढते, पुष्कळदा तेवढ्यानंच सुटतं. नाही सुटलं. मग काठाने वीसेक पावलं वरच्या अंगाला जातात, कोन बदलतात, ताणलेला दोर तारेसारखा बोटाने छेडतात. तरी नाही. आता काडी सरळ पाण्याकडे रोखून दोर एका लाकडावर दोन वेढे गुंडाळतात, हाताला कधीच नाही, तंगूस बोट कापतो. मागं सरकत एकसारखं ओढतात.

बारीकसा हिसका. दोर हलका होऊन येतो. मणी आहे, दोन्ही फिरक्या आहेत, सोपटाचा इंचभर शेंडा आहे. गळावरचं गांडूळ अजून वळवळतंय.

मामा ढिगातला पुढचा दगड उचलतात.