गर्द म्हणजे नेमकं काय?

नमस्कार श्रोतेहो. घरं विकणाऱ्यांच्या जाहिरातीत परवा वाचलं, ‘गर्द वनराईत वसलेलं तुमचं घर’. चित्रात शोभेचे सहा पाम होते. मी मोजले. हिरवे होते, नाही असं नाही, पण गर्द? तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय.

हिरवंगार आणि गर्द यांत आपण फारसा फरक करत नाही. श्रावणातलं भाताचं खाचर हिरवंगार असतं, त्याला गर्द कुणी म्हणत नाही, कारण त्यात पाय ठेवला तरी डोक्यावर ऊन असतंच. घनदाट म्हणायला झाडांचा जमाव लागतो. गर्द म्हणायला मात्र अंगणातला एकटा फणसही पुरतो. पानावर पान असं चढलेलं असतं, की खाली उजेड उतरत नाही. बाभळीला, शेवग्याला हे जमायचं नाही. त्यांची पानं बारीक, सावली चाळणीतून गाळल्यासारखी.

पानांचं वयही लागतं. आंब्याची पालवी आधी तांबूस, मग पोपटी. करंज चैत्रात असा लखलखतो की डोळे दिपतात. दोघांनाही तेव्हा कोवळं म्हणा, लुसलुशीत म्हणा. पानं जून झाली, काळपट झाली, की मग गर्द. महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, गेळा यांच्याखाली भर दुपारी शिरून बघा.

म्हणजे हा शब्द रंगापेक्षा उजेड अडवण्याबद्दल बोलतो, असं मला वाटतं. म्हणून तर गर्द निळा चालतो, गर्द जांभळा चालतो. गर्द पिवळा कानाला खटकतो.

फारसीत गर्द म्हणजे धूळ. धुळीतून तो आपल्या पानांत कसा शिरला? माझा आपला अंदाज: घोडदळ दौडलं की धुरळा उठतो, सूर्य झाकोळतो. झाडीही तेच करते. जुन्या मराठीत लढाईच्या धुमाळीला गर्दी म्हणत. १७६१च्या पानिपतानंतरची ‘भाऊगर्दी’ आज आपण लग्नाच्या पंगतीलाही वापरतो.

धुळीचा अर्थ मराठीतून पुरता गेलेला नाही बरं का. नशेच्या त्या भुकटीला गर्द म्हणतात, ती ओढणारा गर्दुल्ला. तेव्हा ‘गर्दच्या विळख्यात तरुणाई’ असा मथळा दिसला, तर तिथे आंबराई शोधू नका.